एका श्वासात किती आकडे

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन बारी आजाराचे पेशंट एकदम वाढले ना, तेव्हापासून मला फोन यायला लागले. ओळखीच्यांच्या ओळखीचे, कुणाची वहिनी, कुणाचा कॉलेजमधला मुलगा. "तुम्हाला झालेलं ना ते गुलेन बारी? तुम्ही बऱ्या झालात ना?" असं सुरू व्हायचं आणि शेवटी प्रश्न एकच, डॉक्टर व्हेंटिलेटर म्हणतायत, सही करू की नको. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, माझा आवाज अजून तासाभराने बसतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

आम्ही ऐरोलीला राहतो, मी महापेला एका कंपनीत अकाउंट्समध्ये. २०२४ च्या नागपंचमीच्या आसपास मला दोन दिवस जुलाब झाले, पावसाळ्यात होतातच म्हणून इलेक्ट्रॉल घेतलं आणि विसरून गेले. आता कळतं की तीच सुरुवात होती. पोटातल्या जंतूशी लढायला शरीर जी फौज तयार करतं ती चुकून आपल्याच नसांवरच्या आवरणावर तुटून पडते, असा हा आजार. बरोबर दहा दिवसांनी, राखीपौर्णिमेच्या सोमवारी, पायाच्या बोटांत मुंग्या येत होत्या आणि भावाला राखी बांधताना मला गाठच मारता येईना. बोटं होती जागेवर पण जोरच नव्हता. भाऊ म्हणाला राहू दे मी मारतो, आणि आम्ही हसलो. मंगळवारी स्टेशनचा जिना चढताना कठडा धरावा लागला. बुधवारी बाथरूममध्ये खाली बसले ती उठताच येईना, नवऱ्याने दार ढकलून बाहेर काढलं. जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन देऊन अशक्तपणा आहे म्हणून घरी पाठवलं. नाव नाही घेत, राग आता नाही, पण तो एक दिवस गेला तो गेलाच. पायापासून वर चढत जाणारी कमजोरी, दोन्ही बाजूंना सारखी, आणि आदल्या दोनतीन आठवड्यांत पोट किंवा सर्दीताप, एवढं लक्षात ठेवा आणि सरळ न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात जा.

गुरुवारी ठाणे-बेलापूर रोडने बेलापूर साइडच्या हॉस्पिटलला नेलं. तिथल्या न्यूरोच्या डॉक्टरांनी छोट्या हातोड्याने गुडघा ठोकला, पाय हललाच नाही. मग म्हणाले, "खोल श्वास घ्या आणि एका श्वासात एक दोन तीन मोजत जा, थांबू नका." मी एकोणीसपर्यंत गेले. त्यांनी केसपेपरवर १९ लिहिलं. मला वाटलं काहीतरी मेंदूची टेस्ट असेल, पण ते माझ्या श्वासाचा जोर मोजत होते. संध्याकाळी परत मोजायला लावलं, चौदा. शुक्रवारी सकाळी दहा. दर चार तासांनी कुणीतरी यायचं आणि मी मोजायचे, आणि आकडा कमी होत होता हे मला समजत होतं. शनिवारी पहाटे सहा. चहा गिळताना नाकातून बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, आता नळी घालून व्हेंटिलेटर लावायला हवा.

आणि इथेच आमच्या घरात वाद झाला, तो सांगते, कारण तुमच्याकडेही होणार.

बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन ९७ दिसत होता. २०२० नंतर घराघरात ऑक्सिमीटर आलाय, आपण सगळे ९४ च्या आकड्यावर जगलोय. नवरा डॉक्टरांना म्हणाला, ऑक्सिजन तर मस्त आहे, मग नळी कशाला? मामा म्हणाले २०२१ मध्ये आपल्या अण्णांना व्हेंटिलेटरवर टाकलं आणि परत आणलेच नाहीत. सासूबाई तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. आमच्या बिल्डिंगमधून त्या वर्षी तीन माणसं गेली, तिघंही व्हेंटिलेटरवर, त्यामुळे आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थच संपलं सगळं असा झालेला. मी पडल्या पडल्या ऐकत होते, आणि बोलायला गेले तर दोन शब्दांनंतर दम संपत होता.

आयसीयूचे डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे, बोलण्यातून कळायचं. त्यांनी घाई असूनही दोन मिनिटं उभं राहून समजावलं. म्हणाले, "कोविडमध्ये फुप्फुसंच खराब झालेली होती, मशीनने हवा दिली तरी आत घ्यायला जागा नव्हती. ताईंची फुप्फुसं चांगली आहेत हो. श्वास ओढणारे स्नायू झोपलेत. भाता चांगला आहे, भाता ओढणारा दमलाय. आपण तो उठेपर्यंत भाता ओढायचा एवढंच. आणि या आजारात ऑक्सिजन सगळ्यात शेवटी पडतो, तो पडेपर्यंत थांबलो तर उशीर होतो. आधी कार्बन डायऑक्साइड साठतो, तो बोटावर दिसत नाही." नवऱ्याने सही केली. त्याचा हात थरथरत होता असं तो अजून सांगतो.

जाग आली तेव्हा तोंडात नळी, आणि माझ्या छातीत श्वास जात होता जो मी घेतलेला नव्हता. हे कसं सांगायचं. आपण पाण्यात उभं असताना लाट येऊन उचलते तसं काहीसं. मिनिटाला चौदा वेळा. घाबरून उलट ओढायला गेलं की मशीन ओरडायचं. सिस्टर म्हणाली, "उसके साथ चलो, लडना मत." केरळची होती. दुसऱ्या दिवसापर्यंत मला जमलं.

औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, सगळे आयव्हीआयजी म्हणतात. वजनाला ०.४ ग्रॅम किलोमागे, पाच दिवस. माझं वजन ६२, म्हणजे रोज पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या, एकूण पंचवीस. एकेका बॅचमध्ये हजाराच्या वर लोकांच्या रक्तातला प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. महाग आहे, आमचं कॅशलेस आधी अडकलं, भावाने एफडी मोडली. त्यावर जास्त लिहीत नाही, फक्त सांगते की पहिल्या दिवशीच टीपीए डेस्कला, म्हणजे हॉस्पिटलातल्या इन्शुरन्सच्या काउंटरला जाऊन बसा आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. आणि हे औषध दिल्यावर लगेच उठून बसेन असं समजू नका. मी तर पुढचे आठ दिवस आणखी खाली गेले. हात गेले, मान गेली, चेहरा गेला. डोळे पूर्ण मिटेनात म्हणून सिस्टर रात्री मलम घालून पापण्यांवर पट्टी लावायची. डोकं मात्र पूर्ण जागं. पायावरची चादर जड वाटायची, नुसती चादर, आणि पाठ अशी पेटायची की काय सांगू, नसांचं दुखणं वेगळंच असतं.

अकराव्या दिवशी तोंडातली नळी काढून ट्रकिऑस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला भोक पाडून तिथून नळी घातली. घरचे परत घाबरले पण मला तो दिवस सुटकेचा वाटला, तोंड मोकळं झालं. त्यानंतर डॉक्टरांनी लेकीला भेटायची परवानगी दिली. मनू तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. संध्याकाळी पाचला पाच मिनिटं.

पहिल्या दिवशी ती नुसती बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा घेऊन आली. त्यावर स्केचपेनने आठ ओळी. पहिली स्वरांची, मग क ख ग घ, मग च, ट, त, प, मग य र ल व, शेवटी श ष स ह ळ. मला पापणी मिटता येत नव्हती म्हणून वर बघणं म्हणजे हो. ती ओळीवर बोट ठेवायची, एक, दोन, तीन, मी सहावीला वर बघितलं. प फ ब... प लाच वर बघितलं. मग चौथी ओळ, दुसरं अक्षर. प, ठ. काना द्यायची सोयच नव्हती तिच्या पुठ्ठ्यावर. नवरा म्हणाला, पाठव? कुणाला पाठवू? मी वरती बघेना. मनू म्हणाली, "पाठ! आईची पाठ दुखतेय." दोन सिस्टरनी मिळून मला कुशीवर वळवलं आणि पाठीला उशी लावली. दहा दिवसांत पहिल्यांदा मी कुणाला काहीतरी सांगितलं होतं. तो पुठ्ठा माझ्या कपाटात आहे.

गणपती आले ते घरी नाहीच बसवले, दिराकडे बसवून दीड दिवसात विसर्जन केलं. आरती नवऱ्याने फोनवर ऐकवली.

त्याच आठवड्यात मनूने डॉक्टरांना विचारलं की हे मशीन पहिल्यांदा कुणासाठी केलं. ते म्हणाले, तुझ्याच वयाच्या एका मुलीच्या निमित्ताने, कोपनहेगन, १९५२, वाच जाऊन. आणि ती खरंच वाचून आली आणि रोज पाच मिनिटांत मला थोडं थोडं सांगायला लागली. मी दिवसभर पाच वाजायची वाट बघायचे. सिस्टरपण कान देऊन ऐकायची, मनू तिच्यासाठी मधेमधे हिंदीत सांगायची.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्डॅम नावाचं साथीच्या रोगांचं हॉस्पिटल, जोर चढला तेव्हा दिवसाला पन्नासेक पेशंट दाखल व्हायचे, बहुतेक मुलं. पोलिओत पाय जातात एवढंच आपल्याला माहीत, पण काहींचा श्वास आणि गिळणं जायचं. तेव्हा श्वासासाठी आयर्न लंग असायचं, १९२८ मध्ये अमेरिकेत आलेलं, लोखंडी पिंप, पेशंटचं अख्खं शरीर आत, डोकं बाहेर, पिंपातली हवा ओढली की छाती फुगायची. कोपनहेगनच्या त्या हॉस्पिटलात असं एकच पिंप होतं, आणि छातीवर बांधायची छोटी यंत्रं सहा. श्वासाचा त्रास असलेले पहिले ३१ पेशंट, त्यातले २७ गेले, बरेचसे तीन दिवसांच्या आत. मनूने हे सांगितलं आणि गप्प झाली. तिला वाटलं मी घाबरेन. मी वर बघितलं, म्हणजे हो, सांग पुढे.

तिथले मुख्य डॉक्टर लासेन. त्यांनी शेवटी एका भूलतज्ज्ञाला बोलावलं, ब्यॉर्न इब्सेन. भूलवाले तेव्हा फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये, वॉर्डात त्यांचं कामच नसायचं. इब्सेनने गेलेल्या मुलांचे रिपोर्ट आणि फुप्फुसं बघितली. रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड खूप वाढलेला, आणि तिथले डॉक्टर समजत होते की रक्तातली अल्कली वाढलीय. इब्सेन म्हणाला, नाही, हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, श्वास अपुरा पडतोय म्हणून बाहेर जात नाहीये, मुलं त्यानेच जातायत. थिएटरमध्ये पेशंटचा श्वास थांबवून आम्ही रोज पिशवीने हवा देतो, तेच इथे करू.

हे ऐकताना मला तो ९७ चा आकडा आठवला. शनिवारी पहाटे माझ्या पलंगाशी झालेलं भांडण हेच होतं, बहात्तर वर्षांपूर्वीचं.

२७ ऑगस्ट १९५२. विवी एबर्ट, बारा वर्षांची, हातपाय गेलेले, निळी पडत चाललेली. गळ्याला भोक पाडून नळी घातली, पिशवी जोडली, पण ती इतकी तडफडत होती की हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर निघून जायला लागले. मग इब्सेनने तिला भुलीचं औषध, पेंटोथाल, दिलं. तिची धडपड थांबली, स्वतःचा श्वासही थांबला, आणि आता पिशवीने हवा जायला लागली. पोरगी परत गुलाबी झाली. मनू एवढं सांगून घड्याळाकडे बघून निघाली, आणि मी रात्रभर त्या मुलीचा विचार करत होते. माझ्या गळ्यात तेच भोक होतं.

मग प्रश्न असा की पिशवी दाबणार कोण. मशीन नव्हतंच. तर त्यांनी मेडिकलची मुलं बोलावली, डेंटलचीपण. सुमारे दीड हजार विद्यार्थी, पाळ्या लावून, उशाशी बसून हाताने पिशवी दाबायचे, रात्रंदिवस, काही महिने. सगळे तास मिळून १ लाख ६५ हजार. एका वेळी सत्तरेक पेशंट असे हातावर जगत होते. आधी शंभरातले ऐंशीच्या वर जायचे, ते निम्म्याच्याही खाली आले. दाबणारा विद्यार्थी विशीतला, समोर सातआठ वर्षांचं पोर, पूर्ण जागं, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत दोघं तासन् तास.

मला ते कसं असेल ते माहीत आहे, कारण मनूने हे सांगितलं त्याच्या तीनच दिवस आधी मला सीटी स्कॅनला खाली नेलं होतं. मशीन काढून सिस्टरने अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून हवा द्यायची पिशवी जोडली. आयसीयूच्या दारापासून लिफ्ट, लिफ्टमधून लांब पॅसेज, ती चालत चालत दाबत होती, आणि पहिल्याच श्वासाला मला फरक कळला. मशीनचा श्वास दर वेळी तोच, त्याच क्षणी, तेवढाच. हाताचा तसा नसतो. ती माझ्या छातीकडे बघत होती, मला हवा हवी झाली की दाबायची, लिफ्टला गचका बसला तर अर्धा सेकंद थांबली आणि पुढचा जरा मोठा दिला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. मास्क होता, डोळेच दिसत होते. ती बारा मिनिटं मला भीती वाटली नाही. आत्ता लिहितानाही गळा भरून येतोय.

पुढचं मनूने भराभर सांगितलं. इतकी माणसं कायम कुठून आणणार, म्हणून मशीनच्या मागे लागले, स्वीडनमध्ये एंगस्ट्रॉम यांचं मशीन होतं, ते पसरलं. कार्बन डायऑक्साइड किती हे मोजायची नीट सोय नव्हती म्हणून त्याच हॉस्पिटलच्या लॅबचे पॉल आस्ट्रुप कामाला लागले, आणि त्यातून ती रक्ताची टेस्ट पुढे आली जी सगळे एबीजी म्हणतात. रोज सकाळी मनगटात खोल सुई घालून रक्त काढायचे माझं, सगळ्यात जास्त दुखायचं ते. त्या दिवसापासून दुखलं तरी मी मनातल्या मनात शिव्या द्यायचं बंद केलं. आणि १९५३ च्या डिसेंबरमध्ये इब्सेनने तिथल्याच दुसऱ्या हॉस्पिटलात एक खोली केली जिथे श्वास धोक्यात असलेले सगळे पेशंट, आजार कुठलाही असो, एकत्र ठेवायचे, चोवीस तास सिस्टर आणि डॉक्टर. जगातली पहिली आयसीयू म्हणतात ती. विवीचे हातपाय परत आले नाहीत, पण ती १९७१ पर्यंत जगली.

पोलिओ आपल्याकडून गेला. २०११ च्या जानेवारीत हावड्याची शेवटची केस, २०१४ ला सर्टिफिकेट. मनूला मीच पोलिओ रविवारी सेक्टरच्या बूथवर नेऊन डोस पाजलेत, करंगळीला शाई लावायचे. आता अचानक लुळं पडणाऱ्या आजारांत जीबीएसच सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या रोगासाठी हे सगळं उभं राहिलं तो गेला, आणि मागे राहिलेलं सगळं माझ्या कामाला आलं. म्हणून म्हणते, व्हेंटिलेटर हा शब्द ऐकून पाय मागे घेऊ नका. कोविडमध्ये आपण त्याचं एकच तोंड बघितलं. लुळ्या पडलेल्या पण चांगल्या फुप्फुसाच्या माणसांसाठी तर तो मुळात वाढला. डॉक्टरांना सरळ विचारा, फुप्फुस खराब आहे की स्नायू दमलेत? उत्तर ऐका आणि मग ठरवा, पण ठरवायला दोन दिवस लावू नका.

सुटणं हळू असतं. आधी मशीनचा जोर कमी करतात, मग टी-पीसवर पंधरा मिनिटं स्वतःच्या श्वासावर. पहिली पंधरा मिनिटं मी घामाने भिजले. मग अर्धा तास, दोन तास, रात्री परत मशीन. एकदा छातीत कफ अडकून ताप आला आणि चार दिवस मागे गेले, खूप रडले, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नव्हताच. तेहतिसाव्या दिवशी मशीन बंद केलं ते परत लागलं नाही. दसऱ्यानंतर व्हीलचेअरवर घरी. वॉकर डिसेंबरमध्ये. फिजिओ अजून चालू आहे, डाव्या पायाचा पंजा अजून जरा लोंबतो.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आयसीयूत गेले. ती सिस्टर ड्युटीवर होती, आधी ओळखलंच नाही तिने मला उभी बघून. मी म्हटलं, अँबू बॅग बघू एकदा. तिने ट्रॉलीवरून काढून दिली. हलकी असते एकदम. ही पण डेन्मार्कचीच, १९५६ ची, दाबून सोडली की आपोआप फुगते, सिलिंडर नसला तरी चालते. मी एका हाताने दाबून बघितली, अर्धीच दाबली गेली, माझी पकड अजून तेवढी नाही. मग दोन्ही हातांनी दाबली. सिस्टर म्हणाली, "इतना फास्ट नहीं, धीरे छोडो," आणि तिने माझ्या हातावर हात ठेवून दोनतीन वेळा दाखवलं. तेवढ्यात माझ्या जुन्या चार नंबरच्या बेडचा अलार्म वाजला आणि ती तिकडे पळाली, बॅग माझ्या हातातून घेऊन.